जॅझचे अल्बम जमवताना संदर्भग्रंथ कसा वापरावा: बेळगावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतल्या एका घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा-सात जण जॅझ ऐकायला बसतो. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या कन्नड, कॅम्पातले, म्हणजे छावणी भागातले, एक आजोबा कोंकणी बोलणारे. मध्ये टेबलावर एक जाडजूड इंग्रजी संदर्भग्रंथ असतो, त्याची पाठ दोनदा चिकटवलेली आहे. नवीन माणूस आला की तो ग्रंथ चाळतो आणि ठरलेले प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

मोबाइलवर सगळं जॅझ ऐकायला मिळतं की. मग पुस्तक कशाला?

ऐकायला मिळतं, पण वाजवतंय कोण ते बहुतेक वेळा कळत नाही. पडद्यावर अल्बमचं चित्र, मुख्य कलाकाराचं नाव आणि एक साल दिसतं. ते सालही पुष्कळदा मूळ ध्वनिमुद्रणाचं नसतं, नव्यानं काढलेल्या प्रतीचं असतं. गाण्याच्या बैठकीला जाताना तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण हे आपण आधी विचारतो. जॅझमध्ये तर साथीला कोण बसलंय यावर निम्मं संगीत ठरतं. चांगला संदर्भग्रंथ प्रत्येक अल्बमखाली सगळ्या वादकांची नावं, त्यांची वाद्यं आणि ध्वनिमुद्रणाचं साल देतो.

दुसरं कारण शेजाराचं. पुस्तकात कलाकार वर्णानुक्रमानं येतात. जॉन कोल्ट्रेन शोधायला गेलात की काही पानं अलीकडे ऑर्नेट कोलमन भेटतो. एकाच काळातले दोन सॅक्सोफोनवाले, दोघांच्या वाटा वेगळ्या. मी कोलमनचं नाव पहिल्यांदा वाचलं ते असंच, दुसऱ्याच कुणाला शोधताना.

नेमकं कोणतं पुस्तक घ्यावं?

आम्ही वापरतो ते रिचर्ड कुक आणि ब्रायन मॉर्टन या दोघांचं, पेंग्विननं काढलेलं. पहिली आवृत्ती १९९२ ची. तिच्या नावातच सीडी, एलपी आणि कॅसेट अशी तिन्ही माध्यमं होती, यावरून तो काळ लक्षात येतो. पुढं दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघत गेली आणि पानं दीड हजाराच्या वर गेली. कुक २००७ साली वारले, नववी आवृत्ती २००८ साली आली. त्यानंतर २०१० मध्ये १००१ निवडक अल्बमांचं एक वेगळं पुस्तक निघालं, ते वर्णानुक्रमानं नसून कालानुक्रमानं लावलेलं आहे. ज्याला इतिहास क्रमानं ऐकायचा आहे त्यानं हे दुसरं घ्यावं. ज्याला शोधाशोध करायची आहे त्याला मोठं पुस्तकच हवं.

दोन्ही आता जुन्या पुस्तकांच्या बाजारातच शोधावी लागतात. आवृत्ती जुनी मिळाली तर नाराज होऊ नका. जुन्या आवृत्तीत फक्त बाजाराची माहिती शिळी होते, म्हणजे कोणती सीडी मिळते आणि कोणती बंद झाली ही. १९५९ साली कोणी काय वाजवलं ते बदलत नाही.

एक नोंद वाचायची कशी? नुसती अक्षरं आणि आकडे दिसतात.

पहिल्या दिवशी सगळ्यांनाच अडखळायला होतं. अल्बमचं नाव, मग तारे, मग कंपनीचं नाव आणि तिचा क्रमांक, त्यानंतर वादकांची यादी आणि शेवटी महिना-साल. वाद्यं आद्याक्षरांनी लिहिलेली असतात: टी-एस म्हणजे टेनर सॅक्सोफोन, ए-एस म्हणजे आल्टो, पी म्हणजे पियानो, बी म्हणजे बास, डी म्हणजे ड्रम. चार तारे म्हणजे उत्तम. काही मोजक्या अल्बमांना मुकुटाचं चिन्ह आहे, ते लेखकांच्या खास जिव्हाळ्याचे. नंतरच्या आवृत्त्यांत काही अल्बमांवर मूळ संग्रहात असायलाच हवेत अशी खूण केलेली आहे.

कंपनीचा क्रमांक वहीत उतरवून घ्यायची सवय लावा. मी एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चित्र बघून एलपी मागवली. आली ती त्याच नावाची, त्याच चित्राची, पण दोन गाणी गाळून कुठं तरी पुन्हा छापलेली. क्रमांक आधी विचारला असता तर पैसे वाचले असते.

मग सगळे चार-तारेवाले घेत सुटलं तर?

सुटू नका. या एका चुकीमुळं मी लोकांची कपाटं भरलेली आणि कान रिकामे राहिलेले पाहिले आहेत. वीस उत्तम अल्बम एकमेकांशी काही नातं नसताना घरात आले तर त्यांतला एकही मनात मुरत नाही. तारे धरून चालू नका, नावं धरून चाला.

उदाहरण देतो. सुरुवात माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून करू. न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोनच दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला. यादी वाचा: ट्रम्पेटवर डेव्हिस, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स आणि एका गाण्यापुरता विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. आता यांतल्या कुणातरी एकाचं बोट धरा. चेंबर्सचं धरलंत तर तो तुम्हाला कोल्ट्रेनच्या १९५७ च्या ‘ब्लू ट्रेन’वर नेईल, तिथून ‘जायंट स्टेप्स’वर. ‘ब्लू ट्रेन’मध्ये ली मॉर्गन नावाचा तरुण ट्रम्पेटवाला भेटतो, त्याचं पान उघडा. एव्हान्सचं बोट धरलंत तर २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये झालेल्या ध्वनिमुद्रणाशी पोचाल. तिथं बासवर स्कॉट लाफारो आहे, आणि तो त्यानंतर थोड्याच दिवसांत मोटार अपघातात गेला. हे माहीत झाल्यावर त्या अल्बममधला बास वेगळा ऐकू येतो. अ‍ॅडर्लीचं धरलंत तर १९५८ चा ‘समथिन एल्स’ मिळतो, त्यात खुद्द डेव्हिस साथीला बसला आहे.

असे पाच अल्बम घेतलेत की ते एकमेकांशी बोलायला लागतात. चेंबर्स ३३ व्या वर्षी गेला. त्याच्या स्वतःच्या नावावरचे अल्बम मोजके, पण इतरांच्या अल्बमांवर तो जागोजागी आहे. नुसते तारे मोजणाऱ्याला हा माणूस कधी दिसणारच नाही.

आमचा कान शास्त्रीय संगीतावर वाढलाय. आम्ही कुठून सुरू करावं?

हा प्रश्न आमच्या भागात सगळ्यात जास्त येतो, आणि येणारच. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे. धारवाड हाकेच्या अंतरावर, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल घरचेच वाटावेत असे. असा कान जॅझला तयार कान आहे, फक्त त्यानं काय शोधायचं ते कळायला हवं.

‘काइंड ऑफ ब्लू’मधलं पहिलंच गाणं घ्या. त्याची स्वरपंगत म्हणजे आपला काफी थाट. ३२ मापांचं (इंग्रजीत ‘बार’) एक आवर्तन असतं. पहिली १६ मापं काफी, मग ८ मापं तोच काफी अख्खा अर्ध्या स्वरानं वर सरकतो, आणि शेवटची ८ पुन्हा मूळ जागी. हे सरकणं हातावर मोजत ऐका. दोन-तीन आवर्तनांत समेसारखी ती जागा हाताला लागते. आमच्याकडे एक पेटीवादक काका येतात, त्यांनी हे पहिल्याच बैठकीत पकडलं आणि ‘षड्ज हलवला की यांनी!’ म्हणून उठून उभे राहिले.

लयीकडून यायचं असेल तर पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा १९५९ चा ‘टाइम आउट’. त्यातलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं, तीन अधिक दोन. आपल्या झपतालातही दोन आणि तीनचेच गट आहेत, पण तिथं दोन आधी येतात. वजन कुठं पडतं ते टाळी देऊन बघा.

एक सावधगिरी सांगायला हवी. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडचं नाव देत बसू नका. जॅझमध्ये बहुतेक ठिकाणी सुरांच्या खालून स्वरसंवाद (कॉर्ड) सतत बदलत असतात आणि वादक त्या बदलत्या जमिनीवर चालतो. आपल्याकडे तानपुरा धरून ठेवतो, तिथं कुणी धरून ठेवत नाही. आल्टो सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर ऐकताना हे विसरलात तर नुसती घाई ऐकू येईल. म्हणून पार्कर मी पहिल्या सहा महिन्यांत कुणाला देत नाही.

एकच अल्बम पुस्तकात तीन-चार रूपांत दिलेला असतो. कोणता घ्यायचा?

पुस्तकाचे पैसे खरे इथं वसूल होतात. ‘काइंड ऑफ ब्लू’चंच बघा. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं एक यंत्र किंचित मंद चाललं. त्यामुळं त्या फितीवरून काढलेल्या रेकॉर्डची पहिली बाजू कित्येक वर्षं थोडी जलद आणि पट्टीनं थोडी वर वाजत होती. दुसऱ्या यंत्रावरची फीत वापरून हे दुरुस्त झालं ते १९९२ साली. जुन्या रेकॉर्डबरोबर पेटी लावून बघणाऱ्याला सूर जुळत नसेल तर पेटीला दोष देऊ नका.

दुसरं उदाहरण ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाच्या, अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या महोत्सवातल्या कार्यक्रमाचं. ७ जुलै १९५६ च्या त्या रात्री पॉल गोन्साल्व्हिसनं टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली आणि श्रोते खुर्च्या सोडून नाचायला लागले. (आडनाव वाचून तो आपल्या गोव्याचा असावा असं इथं सगळ्यांना वाटतं. त्याचं घराणं केप व्हर्दे बेटांवरचं.) पण तो चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा होता, रेकॉर्ड कंपनीच्या नव्हे तर व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या. त्या वेळी निघालेल्या अल्बमचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवलेला होता. व्हॉइस ऑफ अमेरिकाची फीत सापडल्यावर १९९९ साली खरा कार्यक्रम बाहेर आला. म्हणजे एकाच नावाच्या दोन प्रतींत दोन वेगळ्या रात्री आहेत.

बाकी ‘शिल्लक राहिलेले टेक’, म्हणजे एकाच गाण्याचे न वापरलेले प्रयत्न, घातलेल्या मोठ्या पेट्या सुरुवातीला टाळा. एकच गाणं सात वेळा ऐकायची गोडी नंतर लागते.

जुने लोक, लुई आर्मस्ट्राँगसारखे, यांचे ‘अल्बम’ कुठले?

एलपी आली १९४८ साली. त्याआधी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला सुमारे तीन मिनिटं. आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या वाद्यवृंदांच्या १९२५ ते १९२८ च्या तबकड्या आज संकलन म्हणूनच मिळतात. इथं पुस्तकातलं ध्वनिस्वच्छतेबद्दलचं मत काळजीपूर्वक वाचा. खरखर काढता काढता ट्रम्पेटची धारही काढून टाकलेली संकलनं पुष्कळ आहेत.

बेळगावात हे मिळतं कुठं?

एका दुकानाचं नाव सांगावं असं काही नाही. रद्दीवाल्याकडे चक्कर मारत राहा, हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डच्या गठ्ठ्यात मधूनच एखादी निघते. कॅम्पातल्या जुन्या घरांत विचारा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र) असलेली घरं तिथं होती, आणि मुलं परदेशी गेल्यावर रेकॉर्ड माळ्यावर तशाच राहिल्यात. चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला गेलात तर तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत जरूर थांबा. मुंबईला कुणी जात असेल तर त्याच्याकडे यादी द्या, मात्र पाचच नावांची. पन्नास नावांची यादी घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येतो, हे मी चार वेळा पाहिलंय.

सीडी कमी लेखू नका. एलपीचा मोह मलाही आहे, पण १९९० च्या दशकातल्या सीडी लोक आता स्वस्तात काढून टाकतात, आणि पुस्तकातले क्रमांक बहुतेक त्यांचेच आहेत.

पावसाळ्यात रेकॉर्डना बुरशी येते. काय करावं?

बेळगावचा पाऊस जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा कोरड्या ठेवत नाही. रेकॉर्ड बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. आतला कागदी लिफाफा बुरशी धरतो, तो बदला. कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि ऊन पडलं की दारं उघडा, पण रेकॉर्ड उन्हात ठेवू नका, वाकतात. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, खोबणीच्या दिशेनं हलक्या हातानं पुसा. ७८ च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट लावलंत तर तबकडी गेली म्हणून समजा. पुस्तकाचंही तेच. आमच्या ग्रंथाची पाठ पावसानंच सुटली.

या पुस्तकात आपली माणसं का दिसत नाहीत?

हे मला मनापासून खुपतं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली मुलं मुंबईला गेली, तिथल्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला त्यांतला ठळक. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त जो ठेका आणि जे ट्रम्पेट आपण लहानपणापासून ऐकलंय, त्यामागं ही मंडळी आहेत. त्यांनी जॅझ वाजवलं ते बहुतेक रात्रींपुरतं आणि थोड्या ७८ च्या तबकड्यांवर. अल्बम नाही, म्हणून पुस्तकात पान नाही.

उलट दिशेची ये-जा मात्र पुस्तकात सापडते, फक्त जुळवून घ्यावी लागते. ब्रूबेक १९५८ मध्ये भारतात आला, मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवलं, आणि त्या दौऱ्यातून एक अल्बम निघाला. एलिंग्टन १९६३ मध्ये आला, आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये. कोल्ट्रेननं १९६१ साली व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि पुढं मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. कोलकात्यात जन्मलेल्या जॉन मेयरनं लंडनमध्ये सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर १९६६ साली ‘इंडो-जॅझ सुइट’ केली. जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १९७६ चा. मुंबईत १९७८ साली जॅझ यात्रा सुरू झाली तेव्हा सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स आला होता. त्याचा १९५६ चा ‘सॅक्सोफोन कोलोसस’ त्याआधीच कितीतरी जणांच्या घरी पोचलेला होता.

आम्ही आमच्या ग्रंथात कोरी पानं चिकटवलीत आणि त्यावर ही सगळी नावं मराठीत लिहिलीत. तुम्हीही लिहा.

पुस्तक म्हणतं उत्तम, मला काहीच वाटत नाही. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. दोन माणसांनी हजारो अल्बम ऐकून लिहिलेली मतं आहेत ती. पण अल्बम लगेच विकूही नका. वहीत तारीख घालून ‘पटलं नाही’ लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पियानोवादक थेलोनियस मंक मला तीन वर्षं चुकीच्या पट्ट्या दाबणारा वाटत होता. त्याच्या ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’चं शीर्षकगीत इतकं अवघड होतं की २५ प्रयत्नांतूनही ते सलग पूर्ण झालं नाही, तुकडे जोडून तयार केलं, हे वाचलं आणि त्या दिवशी मी ते हातात पेन न घेता ऐकलं. आता तो अल्बम मी कुणालाच देत नाही.

वहीत काय लिहायचं?

अल्बम, क्रमांक, वादक, कुठं आणि कधी मिळाला. मग एकच ओळ: पुढं कुणाचं बोट धरायचं.

इंग्रजी अवघड जातं. चालेल?

चालेल. लेखकांची भाषा ठसकेबाज आहे, अलंकारही बरेच. आधी यादी वाचा, अल्बम ऐका, परिच्छेद शेवटी वाचा. ऐकून झाल्यावर निम्मे शब्द आपोआप उलगडतात. आमच्यात एक जण वाचतो, दुसरा मराठीत सांगतो, तिसरा कन्नडमध्ये वाद घालतो.

रविवारी यायचं असेल तर काय आणावं?

एक अल्बम, एकच. मोबाइलवर असला तरी हरकत नाही, फक्त त्यावर कोण वाजवतंय ते शोधून या. पावसात येणार असाल तर रेकॉर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आल्याबरोबर लावायला सांगू नका, खोलीत अर्धा तास सुकू द्या, तोवर चहा होतो.